सोफा की कॅमेरा

६ जानेवारी

वाटाघाटी आज संपल्या. सोफ्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून कॅमेरा घ्यायला बायको तयार झाली. आमच्या सोफ्याची डावीकडची स्प्रिंग वर आली आहे आणि तिथे बसलेला पाहुणा दचकून उठतो, हे मी नाकारत नाही. पण त्यामुळेच पाहुणे वेळेवर घरी जातात, हा फायदा कोणी लक्षात घेत नाही.

अट एकच. फोटो क्लबचं वार्षिक प्रदर्शन जूनमध्ये असतं. "आपल्या कॅमेऱ्यानं काढलेला एक तरी फोटो त्या भिंतीवर लागला पाहिजे," ती म्हणाली. "नाही लागला तर कॅमेरा विकायचा आणि सोफा आणायचा. मग कुरकुर करायची नाही."

"एक? अगं, तीन लावून दाखवतो."

"एक पुरे हो."

'आपला' कॅमेरा ही तिची बोलण्याची पद्धत आहे. असो.

म्हणून आजपासून ही दैनंदिनी. मोठ्या छायाचित्रकाराची सुरुवात कशी झाली हे पुढे लोकांना शोधत बसायला लागू नये.

९ जानेवारी

कॅमेरा निवडणं हे लग्न जमवण्यापेक्षा अवघड. लग्नात निदान समोरची बाजूही थोडी निवड करत असते.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सर्वज्ञ (हे नाव मी दिलं, पण त्यानं ते आनंदानं घेतलं) म्हणतो, "बॉडी स्वस्तातली घ्या, पैसा लेन्सवर घाला." जिन्यात भेटलेला शेजारी म्हणतो, "बॉडी भक्कम घ्या, लेन्स काय, पुढं घेता येतात." इंटरनेटवर एका गृहस्थानं तासभर बोलून सिद्ध केलं की दोन्ही चूक. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे खरं; पण मनाला विचारायला गेलो तर तेही जनाचंच ऐकून बसलेलं.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, आता आरसेवाले कॅमेरे कोण घेतं? मिररलेस घ्या." पण मला आरसाच हवा. बटण दाबलं की आत आरसा वर उचलला जातो, दार उघडतं, उजेड आत येतो, दार बंद होतं, आरसा खाली येतो. म्हणजे ती एक छोटी लिफ्टच झाली, आणि मी लिफ्टचा निरीक्षक आहे. उभी हयात लोकांच्या इमारतींत लिफ्ट तपासण्यात गेली. आमच्या धंद्यात एकच सूत्र: बिघाड झाला की यंत्र उघडा, माणसांना विचारत बसू नका. माणसं "मी तर फक्त बटण दाबलं" एवढंच सांगतात.

१४ जानेवारी

घेतला!

दुकानदारानं काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. मी वैशिष्ट्यांचा तक्ता करून नेला होता. बायको सोबत आली होती, तिला कंटाळा येऊ नये म्हणून तिनंही एक उचलला. चष्मा कपाळावर सरकवला, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, आणि त्याच्या कडेला एक बारकं चाक असतं ते फिरवत बसली. दुकानदार तिला त्या चाकाचं आणि चष्म्याच्या नंबराचं काहीतरी समजावत होता. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण मी तक्त्यात शटरचं आयुष्य शोधत होतो.

"हा घ्या," ती म्हणाली. "हातात छान बसतो."

"अगं, कॅमेरा हातात बसण्यासाठी घेत नाहीत," मी समजावलं. मग तक्त्यातले गुण मिळवले, तर तोच पहिला आला. योगायोगाची गंमत असते.

दुकानदार मलाही काहीतरी दाखवणार होता. मी म्हटलं, "मॅन्युअल आहे ना? मग झालं. मी यंत्रातला माणूस आहे."

१६ जानेवारी

पहिला फोटो बायकोनं काढला, कारण कॅमेऱ्यासोबत माझाच फोटो हवा होता आणि मग लक्षात आलं की तो कॅमेऱ्यासोबत निघणार नाही. असो. फोटोत माझ्या डोक्यावर भलीमोठी रिकामी भिंत आणि खाली कोपऱ्यात मी, शर्टाचं बटण चुकलेलं.

"एवढी भिंत कशाला?"

"तुम्ही भिंतीकडे बघत होतात म्हणून. सकाळपासून तिथं काय काय लावायचं तेच ठरवताय ना?"

मी हसून तो पुसून टाकला. मग नियम जाहीर केला: हे नाजूक यंत्र आहे, माझ्याशिवाय कोणी हात लावू नये. ती "बरं" म्हणाली. तिचं हे एक चांगलं आहे, एकदा सांगितलं की पुरतं.

२ फेब्रुवारी

क्लबात पहिला दिवस. अध्यक्ष गळ्यात दोन कॅमेरे घालून बसतात आणि चहाच्या कपाकडेही एक डोळा मिटून बघतात. म्हणाले, "ऑटोफोकस म्हणजे पांगुळगाडा. ज्याला चालायचंय त्यानं तो सोडावा." मी तिथल्या तिथे सोडला. आता फोकस हातानंच, लेन्सची कडी फिरवून.

विषयही सापडला. आमच्या स्वयंपाकघराचा नळ गळतो. गेले काही महिने बायको प्लंबरला बोलवा म्हणत होती, मी टाळत होतो. आता कळलं की माझ्यातल्या कलावंतानंच तो राखून ठेवला होता. टोकाला लोंबणारा थेंब, त्यात उलटं दिसणारं जग! संध्याकाळभर ओट्यापाशी होतो. बायको किटली घेऊन मागे उभी. "झालं का?" असं तिनं बऱ्याचदा विचारलं. कलेला वेळ लागतो हे तिला कसं सांगावं?

११ फेब्रुवारी

लेन्सचं झाकण हे एक पछाडलेलं झाकण आहे. रोज हरवतं. आज रविवार, अर्धी दुपार शोधण्यात गेली. पार सोफ्याखाली शिरलो. तिथे मुलीचं शाळेतलं खोडरबर, एक चमचा आणि आणखी एक स्प्रिंग सापडली. झाकण नाही. बाहेर आलो तेव्हा बायको दारात उभी, हात पाठीमागे, चेहरा लाल.

"अहो, मागच्या खिशात बघा."

होतं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," म्हणून ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. एवढं काय हसायचं? संध्याकाळी तिनं झाकणाला जाड दोरा ओवून ते कॅमेऱ्याला बांधून टाकलं. शिवणकामात तिचा हात चांगला आहे.

सोफ्याखाली असताना 'टक' असा आवाज मात्र ऐकला. विजेच्या पेटीतला रिले पडल्यासारखा. फ्यूजचा डबा उघडून पाहिला, ठीक आहे.

१९ फेब्रुवारी

गंभीर बिघाड. सकाळी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर सगळं धूसर. कडी डावीकडे फिरवा, उजवीकडे फिरवा, नळ म्हणजे नुसता ढग. काचा पुसल्या. तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसल्या. तसंच.

बॅटरीही निम्मी उतरलेली, काल रात्री भरून ठेवली होती तरी. सर्वज्ञ म्हणतो, थंडीनं होतं. पण थंडी कुठे आहे?

२४ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मनात नको ते येत होतं. या वयात छंद लागावा आणि त्याच वेळी डोळे जावेत! रांगेत बसल्या बसल्या मी मनातल्या मनात कॅमेरा मुलीला देऊनसुद्धा टाकला.

त्यांनी अक्षरं वाचायला लावली. सगळ्यात खालची ओळ मी वाचलीच, शिवाय तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. "डोळे उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "वाचायचा चष्मा आहे तोच चालू द्या. तक्रार नक्की काय आहे?"

"एका डोळ्यानं बघितलं की जग धूसर दिसतं."

"मग दोन डोळ्यांनी बघा," म्हणाल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

२ मार्च

दुकानात गेलो. दुकानदारानं कॅमेरा डोळ्याला लावला, अंगठ्यानं कुठेतरी काहीतरी केलं आणि परत दिला. स्वच्छ! समोरच्या पाटीवरची धूळसुद्धा दिसत होती.

"काय केलंत?"

"काही नाही, जरा फिरलं होतं. घरात आणखी कोणी वापरतं का?"

"छे! माझ्याशिवाय कोणी हातही लावत नाही."

तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बरं." पण काय फिरलं होतं हे विचारायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात मला नवा ट्रायपॉड दिसला.

६ मार्च

पुन्हा धूसर. आमच्या घरातली हवाच दमट असणार. कॅमेरा कपाटात तांदळाच्या डब्याशेजारी ठेवला.

१० मार्च

आता मी खरा निरीक्षक म्हणून तपास हाती घेतला आहे. आढळलेले दोष:

कॅमेरा फोटो खातो. काल माझा शेवटचा फोटो चारशे बारा क्रमांकाचा होता. आज पहिला थेट चारशे एकोणचाळीस. मधले गेले कुठे? गळ्यातला पट्टा आखडतो. मी पोटापर्यंत सोडलेला, सकाळी छातीशी आलेला असतो. आणि तो आपोआप उजेड वाढवून ठेवतो: अधिक-उण्याचा काटा मी मधोमध ठेवला तरी परत बघावं तर अधिककडे सरकलेला.

सर्वज्ञ म्हणाला, "भूत असेल." मी म्हटलं, भूत असतं तर पट्टा लांब केला असता, आखडला कशाला असता? बुटकं भूत कोणी ऐकलंय का?

मुलीनं आईला एक छोटं पाकीट पाठवलंय. नखाएवढी वस्तू होती आत. मशीनच्या सुया असाव्यात.

१७ मार्च

बायकोला अचानक ज्ञानाची भूक लागली आहे. मी चांगल्या मनानं शिकवतो, पण तिचे प्रश्न मूळ विषय सोडून असतात. मी अॅपर्चर समजावत होतो, तर मधेच म्हणाली, "अहो, माणूस खिडकीसमोर असला की चेहरा काळा येतो. तेव्हा काय करायचं?"

"माणसाला खिडकीसमोर बसवायचं नाही, हे करायचं. आणि मी माणसांचे फोटो काढतच नाही. माणसं हलतात, बोलतात, 'झालं का' विचारतात."

"खरंय," ती म्हणाली. "थेंब विचारत नाही."

मग अधिक-उण्याचा काटा कशासाठी असतो ते विचारलं. मी म्हटलं, ते पुढच्या इयत्तेतलं आहे.

मुलीचा फोन आला. "फोटो कसे येतायत?"

"माझे? उत्तम."

"हो, हो, तुमचेच विचारतेय," म्हणाली आणि खोकल्याचा बहाणा करून हसली. मायलेकींना हल्ली काय होतं कळत नाही.

१ एप्रिल

अध्यक्षांना माझे थेंब दाखवले. ते एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. मग तो उघडून दुसरा मिटला.

"फोकस कुठं आहे?"

मी म्हटलं, धूसरपणा ही माझी शैली आहे. ते म्हणाले, शैली आहे की सवय हे कळायला आधी महिनाभर कॅमेरा कपाटात ठेवा. रोज सकाळी खिडकीशी उभं राहून दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करा आणि नुसतं बघा. "बघायला शिका. कॅमेरा काय, कोणीही दाबेल."

लाज वाटली, पण घरी येऊन कॅमेरा कपाटात ठेवला आणि बायकोला तसं सांगितलं. "महिनाभर तुम्ही त्याला हात लावणार नाही?" तिनं दोनदा विचारलं. माझी शिस्त बघून तिचा चेहरा अगदी उजळला.

१२ एप्रिल

सकाळचा बोटांचा अभ्यास चालू आहे. आज समोरच्या गच्चीवर एक बाई दोरीवर चादर टाकत होती. चादर वाऱ्यानं फुगायची आणि बाई तिच्यात गुंडाळली जायची, मग आतून हात बाहेर यायचा. असं चार-पाचदा झालं. मी चौकटीतून बघत एकटाच हसलो. कॅमेरा नव्हता म्हणून हळहळलो नाही, याचंच नवल वाटलं.

'टक' आवाज पुन्हा, बाजूनं, जरा मागून. पाल असावी.

५ मे

महिना संपला. कॅमेरा काढला. धूसर, पट्टा आखडलेला, काटा अधिककडे, आणि क्रमांक कपाटात बसल्या बसल्या कित्येक शेकड्यांनी पुढे गेलेला! मी खुर्चीवर बसलोच. बंद इमारतीतली लिफ्ट रोज वर-खाली जात असेल तर काय निष्कर्ष काढाल? मी काढला: सर्किट गेलंय.

पण आता दुरुस्तीला टाकायला वेळ नाही. प्रवेशिका पंधरा तारखेपर्यंत द्यायच्या. जे धूसर आहेत त्यांतले कमी धूसर निवडतो.

१४ मे

तीन थेंब पाठवले. प्रवेशिकेवर नाव नसतं, फक्त क्रमांक. परीक्षक बाहेरचे असतात. बायको म्हणाली, "मीही क्लबाकडेच चाललेय, तुमचं पाकीट देऊन येते." तिचं तिकडे काय काम होतं कोण जाणे. पण माझा हेलपाटा वाचला.

खरं सांगायचं तर भीती वाटते आहे. पूर्वी वाटायची ती सोफ्याची होती. आता वाटते ती वेगळीच. संध्याकाळी ऑफिसातून निघालो की पावलं घराकडे भराभर पडतात, सकाळी खिडकीशी उभं राहिलं की दिवसाला काहीतरी तोंड असल्यासारखं वाटतं. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. हा कॅमेरा घरातून जाऊ नये. धूसर तर धूसर, पण राहू दे.

८ जून

निकाल लागला. क्लबाच्या दारावर निवडलेल्या प्रवेशिकांचे क्रमांक लावले होते. माझा नाही. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. माझ्या पुढचाच क्रमांक होता, माझा नव्हता. मोठ्या इमारतीत लिफ्ट आपला मजला सोडून एक मजला वर जाऊन उभी राहावी, तसं झालं.

घरी आल्यावर शब्द पाळला. "रविवारी सोफा बघायला जाऊ," मी म्हटलं.

 बायको म्हणाली, "घाई काय आहे? प्रदर्शन तर होऊ दे."

"निकाल लागला गं."

"पूर्ण वाचलात का?"

"नुसते क्रमांक आहेत. त्यात वाचायचं काय?"

तिनं माझ्यासाठी चहा ठेवला. नळाखाली किटली धरली तेव्हा मला तिकडे बघवेना.

१२ जून

अध्यक्षांनी फ्रेमा टांगायला बोलावलं. माझ्याकडे पातळी तपासायची नळी आहे आणि मला वाकडं खपत नाही, म्हणून. दुसऱ्यांच्या फ्रेमा सरळ लावायला जाताना मन मोठं लागतं. माझं तेवढं नव्हतं, पण गेलो.

भिंत जवळजवळ संपत आली होती. कागद काढला, फ्रेम भिंतीला लावली, नळी वर ठेवली, बुडबुडा मधोमध आणला. मग फोटो बघितला.

एक सोफा. त्याच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. आडवा पडलेला माणूस कंबरेपर्यंत आत शिरलाय आणि जीव तोडून काहीतरी शोधतोय, हे त्या पायांच्या नुसत्या ताणावरून कळतं. पँटच्या मागच्या खिशातून एक काळं गोल झाकण अर्धं बाहेर आलंय, त्यावर नेमका उजेड. आणि डाव्या मोज्याच्या टाचेला भोक.

मोजा ओळखला. मग सोफा ओळखला. मग उरलेला माणूस ओळखायला फार वेळ लागला नाही.

खाली शीर्षक होतं: 'काखेत कळसा'. माझ्या पुढचा क्रमांक.

पाठीमागे अध्यक्ष हसून हसून डोळे पुसत होते. "परीक्षक या फोटोपाशी सगळ्यात जास्त थांबले. आणि तो सोफा बघा! काय कॅरॅक्टर आहे त्याला!" मग जवळ येऊन म्हणाले, "वहिनींनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

मनात पहिलं आलं ते खरं लिहितो: संताप. माझा कॅमेरा, माझे पाय, माझंच भोक. नियम सांगितलेला असताना! नळी खिशात टाकून निघणारच होतो.

पण त्याच प्रवेशिकेतला दुसरा फोटो अजून कागदात होता, आणि अर्धवट भिंत सोडून जाणं माझ्या स्वभावात नाही. कागद काढला. खिडकीशी एक माणूस उभा, बाजूनं टिपलेला. बोटांची चौकट डोळ्यांसमोर धरलेली, आणि तो एकटाच हसतोय. खिडकी पांढरीशुभ्र झालीय, पण चेहरा काळा नाही. गालावरचा प्रत्येक खुंट दिसतो. मला वाटायचं मी हसतो तेव्हा माझ्या वडिलांसारखा दिसतो. नाही दिसत. मी मुलीसारखा दिसतो.

मी बराच वेळ ती फ्रेम सरळ करत उभा राहिलो. ती सरळच होती.

मग सगळे दोष एकापाठोपाठ एक सुटत गेले. चष्मा कपाळावर, तिच्या नंबराला जुळवलेलं बारकं चाक, आखडलेला पट्टा, अधिककडे सरकलेला काटा, मशीनच्या सुया म्हणजे तिचं वेगळं मेमरी कार्ड. बुटकं भूत! आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींतले बिघाड शोधणारा मी, आणि स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार.

निघताना अध्यक्ष म्हणाले, "नावाखाली प्रत्येक कलाकाराचा छोटा फोटो लावायचाय. वहिनींचा एक पाठवा. तुमच्याकडे तर शेकड्यांनी असतील."

१३ जून

माझं कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. नळ. थेंब. नळ. मुंगी. जिन्याचा कठडा. थेंब. नळ. ऑफिसच्या लिफ्टचं दार, उघडं आणि बंद.

तिचा एकच सापडला. नळाच्या चकचकीत मानेवर उमटलेली, वाकलेली, बोटाच्या पेराएवढी: हातात किटली, तोंड उघडं. 'झालं का?' विचारत असणार. तोही धूसर.

फार वाईट वाटलं. हे वेगळ्या शब्दांत सांगता येत नाही.

ती शिवणाच्या मशीनशी बसली होती. मी जाऊन समोर उभा राहिलो.

"फ्रेमा मी टांगल्या काल."

तिचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला. "सरळ लागल्या का?"

"मला का नाही सांगितलंस?"

"हात लावू नका म्हणालात. मग सांगू कसं?"

"म्हणून लपून काढलेस?"

"लपून कुठं हो?" ती म्हणाली. "तुमच्या मागे उभी राहून काढलेत, चांगला आवाज करत. तुम्ही कधी वळलात?"

 पालीचं सांगितलं असतं तर हसली असती. सांगितलं. हसलीच.

"सुरुवातीला नुसतं बघायचं होतं," मग ती म्हणाली. "त्यातून बघितलं की घर वेगळं दिसतं. तुम्हीसुद्धा. नुसते समोर असलात की तुम्ही कुरकुरे दिसता."

"आणि त्यातून?"

"त्यातूनही कुरकुरेच. पण गोड."

मी कॅमेरा आणला. "तिथंच बस. अध्यक्षांना तुझा फोटो हवाय. मलाही हवाय."

व्ह्यूफाइंडर धूसर. मी काही बोलायच्या आत तिनं उठून ते चाक माझ्यासाठी फिरवलं, परत जाऊन बसली. स्वच्छ दिसली. मी दाबलं. स्क्रीनवर बघितलं तर मागची खिडकी सुंदर आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी काळोख.

"अगं," मी विचारलं, "माणूस खिडकीसमोर असला की चेहरा काळा येतो. तेव्हा काय करायचं?"

"माणसाला खिडकीसमोर बसवायचं नाही, हे करायचं," ती म्हणाली, अगदी माझ्या आवाजात. मग चष्मा वर सरकवून म्हणाली, "ते अधिक-उण्याचं बटण दाबा, काटा अधिककडे न्या. खिडकी पांढरी पडेल, पडू दे. तुम्हाला खिडकी हवी की माणूस?"

सांगता सांगता ती हसली आणि मी दाबलं. तोच पाठवला. थोडा हललाय. माणसं हलतात.

२० जून

प्रदर्शन उघडलं. लोक 'काखेत कळसा' समोर थांबतात, हसतात, मग खिडकीतल्या माणसापाशी रेंगाळतात, मग तिच्या नावाखालचा छोटा फोटो वाकून बघतात. एका बाईंनी विचारलं, "हा सोफ्याखालचा कोण?" मी पाय मागे घेतले. तेच मोजे होते.

मुलगी खास आली होती. "बाबा, अट पुरी झाली," म्हणाली. "आपल्या कॅमेऱ्यानं काढलेला एक तरी." ती जानेवारीतली अट हिला कशी माहीत, हे मी आता विचारत नाही.

म्हणजे कॅमेरा राहिला. सोफाही राहिला, त्याला आता कॅरॅक्टर आहे. प्लंबर येऊन नळ दुरुस्त करून गेला.

२८ जून

चाकावर दोन ठिपके केले. तिच्या डोळ्याचा तांबडा, तिच्या नेलपॉलिशचा. माझा पिवळा, ऑफिसात तपासून पास झालेल्या लिफ्टच्या दारावर लावतो त्या रंगाचा.

आज सकाळी कॅमेरा उचलला तर व्ह्यूफाइंडर पुन्हा धूसर होता. चाक माझ्या ठिपक्यावर आणायच्या आधी मी मागे वळून बघितलं.